पुंडलिकरावांचा यवन

आमच्या पुंडलिकरावांचं एका ग्रीक माणसाशी वैर होतं. तो माणूस मरून दोन हजारांवर वर्षं उलटली होती, पण पुंडलिकरावांना त्याचं काही नव्हतं. मेला म्हणून सुटला, असं मानायला ते तयार नव्हते. रोज सकाळी चपला पायात सरकवताना ते त्याला एक शिवी हासडत आणि मगच घराबाहेर पाऊल टाकत. 'यवन' म्हणत ते त्याला. त्याचं खरं नाव मी एकदा सांगितलं होतं, पण असल्या माणसाच्या नावानं आपलं तोंड कशाला विटाळायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

हे वैर लावून दिलं मी. आधीच कबूल करून टाकतो. कारण पुढं जो काय गोंधळ झाला तो निस्तरायचं काम ऑफिसनं माझ्यावरच टाकलं, आणि त्याचा मला त्या वेळी भयंकर संताप आला होता. अजूनही येतो.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीला तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालो होतो, आणि तर्कशास्त्र घेतलेल्या माणसाला सरकार जी नोकरी देतं ती मला मिळाली होती. हिवतापाच्या खात्यात सुपरवायझर. हाताखाली चार कर्मचारी, बुडाखाली एक सायकल, मुक्काम चिखली. कर्मचाऱ्यानं पायी गावोगाव हिंडायचं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घराच्या दारात उभं राहून कुणाला ताप आला का ते विचारायचं. आला असेल तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि दाराशेजारी भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. घर बंद असेल तर 'बंद' असं लिहायचं. आणि सुपरवायझरनं काय करायचं? तर न सांगता मागून जाऊन त्याला कामावर गाठायचं आणि तपासायचं. कागदावर हे फार सोपं दिसतं.

माझे बाकीचे तीन कर्मचारी गुणी होते. कुठल्या तरी ओट्यावर चहा पीत बसलेले सापडायचे. पुंडलिकराव सापडायचे नाहीत.

पन्नाशीचा, काटकुळा माणूस. टायरच्या चपला, खांद्याला खाकी झोळी, कपाळावर कायमची आठी. चालायला लागले की धोतराचा सोगा मागं तरंगायचा. त्यांचं बीट, म्हणजे नेमून दिलेली अकरा गावं, डोणगावच्या अंगाला, पार शेवटचं. त्या अकरा गावांतलं एकही माणूस असं नव्हतं ज्याच्यावर ते कधी ना कधी चिडले नव्हते. ताप लपवणाऱ्यावर चिडायचे, रांजण उघडा ठेवणारीवर चिडायचे, 'डास चावून काय होते' म्हणणाऱ्याचं तर काही खरं नसे. दारात उभे राहिले की तीनच शब्द, "ताप? थंडी? पाहुना?" पाहुणा अशासाठी, की परगावाहून आलेला माणूस ताप बरोबर घेऊन येतो. उत्तर पुरतं ऐकायचं आणि पुढच्या दारात.

एकदा ते एका लग्नाच्या मांडवात शिरले. नवरदेव बाहेरगावचा, म्हणजे पाहुणा, आणि थरथरत होता. वऱ्हाडी म्हणाले, अहो, लग्न लागतंय त्याचं, थरथरणारच. पुंडलिकराव म्हणाले, "थे मले काचेवर दिसन." आणि मुंडावळ्या बांधलेल्या त्या पोराचं बोट धरून त्यांनी सुई टोचली. नवरीचा मामा धावून आला. भटजी ओरडायला लागले की मुहूर्त टळतोय. पुंडलिकरावांनी काच वाळवली, कागदात गुंडाळली, झोळीत टाकली आणि मग मंगलाष्टकं सुरू करायला परवानगी दिली. त्या नवरदेवाला खरंच हिवताप निघाला. पण त्यामुळं मांडवातल्या कुणाचा राग गेला असं नाही, आणि पुंडलिकरावांचा तर मुळीच गेला नाही.

कुणी त्यांना विचारलं की अमकं गाव किती लांब, तर ते कोस सांगायचे नाहीत. "तोंडाले नोका इचारू, पायाले इचारा," म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाऊस येईल का, निवडणूक कोण जिंकेल, मुलीला स्थळ कसं आहे, सगळ्याला तेच उत्तर.

भिंतीवरच्या चौकटीत तारखेशेजारी ते वेळही लिहायचे. नियमात वेळेची अट नव्हती. ही त्यांची स्वतःची भर. काडी गेरूत बुडवून आठ वाजून दहा, आठ वाजून चौदा, असं दारोदार लिहीत जायचे. आणि या वेळांनी मला वेड लावलं.

एका सकाळी मी निश्चयानं निघालो. आज गाठायचंच. पहिल्या गावात शेवटच्या घरावर वेळ होती आठ, माझ्या घड्याळात साडेआठ. म्हटलं, अर्ध्या तासाचं तर अंतर, आपल्याकडं सायकल आहे, पुढच्या गावात धरतो. पुढच्या गावात भिंतीवर नऊ, घड्याळात सव्वानऊ. जोर लावला. तिसऱ्या गावात भिंतीवर दहा, घड्याळात दहा वाजून सात मिनिटं. शर्ट पाठीला चिकटला होता. चौथ्या गावात पोचलो तेव्हा भिंतीवरचा गेरू ओला होता, माझ्या बोटाला लागला. माणूस नाही. ओट्यावरची बाई म्हणाली, "आत्ताच गेले साहेब, हे पाहा नं, कुत्रं अजून भुकून राह्यलं." मी सायकलवर टांग टाकली आणि वीस पावलांवर बाभळीचा काटा टायरात गेला.

असं चार महिने चाललं. ऑफिसात माझी चेष्टा व्हायला लागली. मोठे बाबू मी दिसलो की विचारायचे, काय, आज किती मिनिटांनी चुकले? मला मनापासून वाटायचं की हा माणूस मुद्दाम करतोय. तसं काही नव्हतं. मी मागं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शेवटी महिन्याच्या मीटिंगला ते चिखलीच्या ऑफिसात आले, आणि सगळ्यांसमोर मी माझं तर्कशास्त्र बाहेर काढलं. म्हटलं, पुंडलिकराव, तुम्हाला मी का गाठू शकत नाही ते एका ग्रीक विद्वानानं फार पूर्वी लिहून ठेवलंय. एक होता जोरात धावणारा वीर, आणि एक होतं कासव. कासवाला थोडं पुढं सोडलं. आता वीर धावत कासव होतं त्या जागी पोचतो, तोवर कासव जरासं पुढं सरकलेलं. तिथं पोचतो, तोवर ते आणखी जरासं पुढं. अंतर कमी कमी होतं, पण संपत नाही. म्हणजे वीर कासवाला कधीच गाठू शकत नाही.

सगळे हसले. पुंडलिकराव हसले नाहीत. मला वाटलं कासव म्हटल्याचा राग आला. पण कासवाचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी शांतपणे विचारलं की आणखी काय म्हणतो हा माणूस.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण चार महिन्यांचा अपमान साठला होता आणि शिकलेलं सांगायला दुसरीकडं कुठं मिळत नव्हतं. म्हटलं, तो म्हणतो की गाठणं सोडा, कुठंच पोचता येत नाही. इथून मेहकरला जायचं तर आधी अर्धी वाट चालायला पाहिजे. मग उरलेल्याची अर्धी. मग त्या उरलेल्याची अर्धी. नेहमी थोडी तरी उरतेच. म्हणून कोणीही कुठंही पोचत नाही. आणि सुटलेला बाणसुद्धा हलत नाही, कारण कुठलाही क्षण घ्या, त्या क्षणी तो एका जागीच असतो.

"थो बान त्याच्या पाठीत मारून पाहा म्हना," पुंडलिकराव म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजे कोनीच पोचत नाही?"

"सिद्ध करून दाखवलंय त्यानं," मी म्हणालो.

हा 'सिद्ध' शब्द मी वापरायला नको होता. त्यांचा चेहरा असा झाला की मोठ्या बाबूंनी हातातला चहा खाली ठेवला. मीटिंग संपली तरी ते तिथंच उभे होते. पुढच्या रविवारी सुट्टीच्या दिवशी ते पायी चिखलीला आले, माझ्या बिऱ्हाडाच्या दारात उभे राहिले आणि विचारलं की हा यवन आयुष्यात कधी बीटवर चालला होता का. म्हटलं, माहीत नाही. "मंग त्याले बोलाचा काय अधिकार?" आणि गेले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मी पंधरा दिवसाला प्रत्येक घरी पोचतो, ते काय उडत पोचतो का? मी म्हटलं, पोचता हो तुम्ही, कोण नाही म्हणतंय. तर म्हणाले की मग तो चुकतो कुठं ते दाखवा. आता खरं सांगायचं तर ते मलाही नीट येत नव्हतं. परीक्षेत मी त्या प्रश्नाला हात लावला नव्हता. "तुमी शिकले कायले मंग?" म्हणून माझ्यावरच उखडले.

बरं, माझ्याकडं येऊन भांडून मोकळे झाले असते तरी चाललं असतं. पण हा माणूस अकरा गावांतल्या एकेका दारात उभा राहणारा. ताप, थंडी, पाहुणा विचारून झालं की यवन. एरवी उत्तर ऐकून दुसऱ्या मिनिटाला निघणारा माणूस आता प्रत्येक गावात यवनासाठी एखादा ओटा राखून ठेवायला लागला. ओट्यावरच्या मंडळींना दुसरं काय पाहिजे? कुणी म्हणालं की त्याचे पाय वातानं गेले असतील, म्हणून जळतो. कुणी म्हणालं की त्याला आमच्या खिल्लारी बैलाच्या मागं दावं हातात देऊन सोडा, पोचतो की नाही ते कळेल. सगळ्यांत बरं एक म्हातारी बोलली. ती म्हणाली की बिचाऱ्याची घरी कुणी वाट पाहत नसेल, मग पोचल्यासारखं त्याला वाटणार कसं. पुंडलिकरावांना ते पटलं नाही. बिचारा शब्दावरच त्यांनी तिला झाडलं.

आता पुढचं. एका गावाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात. त्या वेळी ग्रामपंचायतींना नवं बळ आलं होतं आणि ठराव करायची सगळ्यांना भारी हौस होती. त्या गावच्या सरपंचांनी सभा भरवली आणि ठराव केला. परदेशस्थ एक यवन इसम, कोणताही मनुष्य कोठेही पोहोचू शकत नाही असा अपप्रचार करीत असून, त्यामुळे गावात येणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या मनास क्लेश होत आहे, सबब ही सभा सदर इसमाचा तीव्र निषेध करीत आहे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. एका सभासदानं त्या इसमाला नोटीसही काढा असं सुचवलं होतं, पण पत्ता नसल्यामुळं तो विषय पुढच्या सभेवर ठेवला. ठरावाची नक्कल योग्य त्या कारवाईसाठी वर पाठवली.

वरच्या ऑफिसात तो कागद कुणी पुरता वाचला असेल अशी माझी समजूत नाही. त्यांनी त्यातले दोनच शब्द उचलले: 'कर्मचारी' आणि 'पोहोचू शकत नाही'. आणि मला पत्र आलं. आपल्या हाताखालील कर्मचारी नेमून दिलेल्या घरी पोहोचत नसल्याची ग्रामपंचायतीची तक्रार आहे. आठ दिवसांत प्रत्येक घराची जातीनं तपासणी करावी, आणि कर्मचारी प्रत्यक्ष पोहोचतो काय याचा घरवार दाखला द्यावा. एका जरी घरी तफावत आढळली तरी त्याचं बीट काढून घेऊन त्याला ऑफिसात काचा धुवायला बसवावं.

मी ते पत्र तीनदा वाचलं. असा संताप आला म्हणता! अहो, अख्ख्या जिल्ह्यात पोचणारा माणूस एकच, आणि त्याच्यावर न पोचल्याचा आळ. मोठ्या बाबूंना मी तावातावानं समजावलं की हा ग्रीक फार जुना आहे, तक्रार त्याच्याविरुद्ध आहे. ते म्हणाले, तसं लेखी द्या. मी बसलो लिहायला, आणि पहिल्या दोन ओळी वाचूनच माझ्या लक्षात आलं की हे वर गेलं तर काचा धुवायला मलाही बसवतील.

पुंडलिकरावांना मी पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, आता छप्पर उडतंय. पण ते चिडले नाहीत. आठी होती तिथंच होती, आवाज मात्र पार खाली गेला.

"बीट नोका काढू साहेब," ते म्हणाले. "दुसरं काय करा लागते थे करा. पगार कापा. बीट नोका काढू."

मी म्हटलं, घाबरता कशाला, मी एकूण एक घर तपासतो आणि दाखला देतो. तुमच्या कामात खोट असायची नाहीच. ते नेहमीसारखे निघून गेले, पण मला आठवतं, त्या दिवशी पायऱ्या उतरताना त्यांचा वेग नेहमीचा नव्हता.

मी तपासायला लागलो. या खेपेला हुशारी केली. त्यांच्या मागं न जाता बीटाच्या शेवटाकडून सुरुवात केली, म्हणजे ते समोरून येतील. तीन दिवस उन्हात घर अन् घर पाहिलं. काय सांगू तुम्हाला! एक तारीख चुकलेली नाही. एक सही राहिलेली नाही. घर बंद असेल तिथं 'बंद', आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन नोंद. ज्या ज्या बायकांना विचारलं त्या आधी त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या आणि मग म्हणायच्या की येतात बाबा, नेमानं येतात. मला अभिमान वाटायला लागला होता. दाखल्यात काय काय लिहायचं ती वाक्यंसुद्धा मी सायकलवर जुळवत होतो.

चौथ्या दिवशी वरखेडी. लहानसं गाव, अडतीस घरं. सदतीस ठाकठीक. अडतिसावं अगदी कडेला, आणि ते पाहून मी सायकलवरून उतरलो तो उभाच राहिलो. दाराला कुलूप, कुलपाला गंज. मागची भिंत खचलेली, छपराचे कवेलू आत कोसळलेले. आणि दाराशेजारी चौकट भरलेली. दर पंधरा दिवसांची तारीख, वेळ, सही. 'बंद' कुठंच नाही. सगळीकडं एकच नोंद: ताप नाही.

शेजारणीला विचारलं, इथं कोण राहतं? ती म्हणाली, कोनीच नाही साहेब, भल्ले दिवस झाले. आणि आत निघून गेली.

माझं डोकं फिरलं. रिकाम्या घराची नोंद! शुद्ध खोटी नोंद! ज्या माणसाच्या बाजूनं मी ऑफिसात भांडलो, ज्याच्यासाठी तीन दिवस सायकल मारून पायाचे तुकडे पाडून घेतले, तो कुणाला न विचारताच भिंतीवर 'ताप नाही' लिहून मोकळा होतो? आणि मग बाकीच्या दहा गावांचा काय भरवसा? त्याच दिवशी त्यांची वरखेडीची पाळी होती. मी सायकल शेजारच्या गोठ्यात घातली आणि आत उभा राहिलो. म्हटलं, येऊ दे. आज रंगेहाथ धरतो.

ते आले. नेहमीच्याच चालीनं सदतीस नंबर उरकला. मग या घरापुढं आले आणि थांबले. झोळी खांद्यावरून काढून खाली ठेवली. हे त्यांनी दुसऱ्या कुठल्या दारात केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"ताप?" त्यांनी विचारलं. कुलपाला नव्हे, दाराच्या पार आत कुणी असावं तसं, हळू. "थंडी?"

तिसरा शब्द विचारला नाही. उभे राहिले. इतर घरी उत्तर मिळताच पुढं सरकणारा माणूस तिथं उभाच राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मी घड्याळ पाहायचं विसरलो. मग त्यांनी काडी गेरूत बुडवली आणि लिहिलं.

मी बाहेर आलो. राग होताच, पण तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. विचारलं, पुंडलिकराव, हे घर कुणाचं?

"माह्यं," ते म्हणाले.

मला पाहून ते दचकले नाहीत. बंद घराला 'बंद' लिहायचं असतं, मी म्हणालो. माहीत आहे, म्हणाले. मग? त्यांनी गेरूची काडी पुसून झोळीत टाकली. मग ओट्याकडं बघत सांगत गेले, एकेक वाक्य तोडून.

हे खातं निघण्याच्या आधीची गोष्ट. त्यांची मुलगी आठ वर्षांची. तापाचा तिसरा दिवस. मेहकरच्या दवाखान्यात हिवतापावरचं कोयनेल मिळतं म्हणून ते पहाटे पायी निघाले. मिळालं. पुडी बंडीच्या खिशात घालून परत फिरले. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. अर्ध्या वाटेवर एक विहीर होती, आंब्याची सावली होती. पाणी प्यायले आणि म्हटलं, घटकाभर टेकू. डोळे उघडले तेव्हा सावली दुसरीकडं गेली होती. मग पळत आले. दारात माणसं उभी होती. पुडी खिशातच होती. बायको नंतर सोनाळ्याला भावाकडं गेली ती तिकडचीच झाली. जाताना ती त्यांना एका शब्दानं बोलली नाही.

आता माझं तोंड. शिकलेल्या माणसाचं तोंड अशा वेळी गप्प बसत नाही. मी म्हणालो, अहो पुंडलिकराव, तीन रात्रींचा जागलेला माणूस, कुणीही बसलं असतं. आणि वेळेवर आला असता तरी ती वाचली असती असं कुणी सांगावं? यात तुमची काय चूक?

ते उसळले. इतक्या महिन्यांचा त्यांचा राग मी पाहिला होता, पण तो सगळा वरवरचा होता हे तेव्हा कळलं.

"थो यवन बी थेच म्हनते," ते म्हणाले. "कोनी पोचतच नाही म्हनते. अर्ध्याचं अर्धं उरतेच म्हनते. म्हंजे मी बसलो काय अन् चाललो काय, सारखंच. मंग माह्यी चूकच नाही. असं कसं साहेब? दोन कोस राह्यले होते. पोचता येत होतं. मी बसलो म्हून नाही पोचलो. थो मले माफी देऊन राह्यला, तुमी बी देऊन राह्यले. मले नोको कोनाची माफी. माह्यी पोरगी वाट पाहून राह्यली होती."

त्यांनी झोळी उचलली, डोळे धोतराच्या सोग्यानं पुसले आणि पुढच्या गावाच्या वाटेला लागले. मी सायकल गोठ्यातून काढली, पण तिच्यावर बसलो नाही. तशीच हातात धरून पायी चालत निघालो.

उरलेली गावं तपासून चिखलीला आलो आणि ऑफिसात बसून घरवार दाखला लिहायला घेतला. वरखेडी, घर नंबर एक, कर्मचारी पोहोचतो. दोन, पोहोचतो. असं सदतीसपर्यंत. अडतीसपाशी पेन थांबलं. 'बंद' लिहिणं नियमाला धरून होतं, आणि त्या एका शब्दानं त्यांचं बीट जाणार होतं. मोठे बाबू मागून डोकावले आणि म्हणाले, काय झालं, आटपा. मी लिहिलं: कर्मचारी प्रत्यक्ष पोहोचतो, मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे. खाली सही केली. बीट पुंडलिकरावांकडं राहिलं. आणि त्या ओळीत एक अक्षर खोटं आहे असं ज्याला म्हणायचं असेल, मग तो जिल्ह्याचा साहेब असो की तो ग्रीक, त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.